मान, कंबर आणि नसांचे दुखणे : भौतिकोपचारात यंत्र किती, हालचाल किती?

चंदीगडच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना, म्हणजेच ‘सीएसआयओ’, ही राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेची ही संस्था १९५९ साली दिल्लीत स्थापन झाली आणि १९६२ मध्ये चंदीगडला आली. भारत व स्वित्झर्लंड यांच्या सहकार्याने तेथे १९६३ साली प्रशिक्षण केंद्रही सुरू झाले आणि उपकरणनिर्मितीच्या क्षेत्राला कुशल तंत्रज्ञ मिळू लागले. सूक्ष्म भाग जुळवणे, विद्युत परिपथ तपासणे, संगणकावर आराखडे तयार करणे ही अशा क्षेत्रातील नित्याची कामे होत. त्यांत अवजड ओझे उचलावे लागत नाही. परंतु मान खाली, खांदे पुढे आणि पाठ वाकलेली अशा स्थितीत तास निघून जातात.

असे काम आज केवळ प्रयोगशाळेत उरलेले नाही. बँका, सरकारी कचेऱ्या, माहिती तंत्रज्ञान कंपन्या, शिवणकामाचे कारखाने आणि सोन्या-चांदीची दुकाने येथील लाखो लोक याच स्थितीत काम करतात. मान आखडणे, कंबरेत उसण भरणे, हाताला मुंग्या येणे, कंबरेपासून पायापर्यंत कळ जाणे या तक्रारी त्यामुळे घरोघरी ऐकू येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० साली जगभरात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती आणि २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटी ३० लाखांवर जाण्याचा अंदाज आहे.

या दुखण्यांसाठी वेदनाशामक गोळ्यांच्या जोडीला भौतिकोपचार, अर्थात फिजिओथेरपी, सुचवली जाते. मात्र भौतिकोपचार म्हणजे यंत्राखाली झोपून शेक घेणे, असाच अनेकांचा समज असतो. गेल्या तीन दशकांतील संशोधनाचा कल वेगळा आहे. यंत्रे काही काळ वेदना कमी करू शकतात. टिकाऊ सुधारणा बहुतांशी रुग्णाच्या स्वतःच्या हालचालीतून होते. हा फरक ठाऊक नसल्यास वेळ, पैसा आणि कधी कधी बरे होण्याची संधीही हातची जाते.

वेदना स्नायूची की मज्जातंतूची?

उपचार ठरवण्यापूर्वी वेदनेचा उगम शोधणे आवश्यक असते. स्नायूची वेदना साधारणतः एका जागी ठसठसते. दाबल्यावर ती वाढते, विशिष्ट हालचालीने जाणवते आणि विश्रांतीने किंवा शेकाने काहीशी उतरते. सवय नसताना एकदम जास्त श्रम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते, तेही स्नायूंचेच दुखणे होय. ते काही दिवसांत आपोआप थांबते.

मज्जातंतूची, म्हणजे बोलीभाषेतील ‘नसे’ची वेदना निराळी असते. ती विजेचा झटका बसावा तशी एका रेषेत पसरते. जळजळ, मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा तिच्यासोबत येतो. पाठीच्या कण्यातून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या बाहेर पडतात आणि प्रत्येक जोडीचे शरीरावरील क्षेत्र ठरलेले असते. त्यामुळे बधिरपणा नेमका कोठे आहे, यावरून कोणत्या पातळीवर मज्जातंतू डिवचला गेला आहे, याचा अंदाज तज्ज्ञ बांधू शकतात. नितंबातून मांडीच्या मागच्या बाजूने पायापर्यंत जाणारी सायटिकाची कळ हे याचे परिचित उदाहरण आहे. आयुर्वेदात तिला गृध्रसी म्हणतात. सायटिक हा शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू असून कंबरेच्या खालच्या व त्रिकास्थीच्या भागातील पाच मुळांपासून तो तयार होतो.

सर्वच मुंग्या मणक्यामुळे येतात असे नाही. दोन्ही तळपायांना मोजे घातल्याप्रमाणे बधिरपणा येत असेल, तर मधुमेह किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ही कारणे आधी तपासावी लागतात. शाकाहारी व्यक्तींमध्ये ही कमतरता अधिक आढळते. अशा वेळी केवळ व्यायाम किंवा शेक घेत राहिल्यास मूळ आजार तसाच राहतो.

चित्रणातील दोष आणि प्रत्यक्ष दुखणे

कंबर दुखू लागताच एमआरआय काढण्याकडे अनेकांचा ओढा असतो. अहवालात ‘चकती झिजली’, ‘गादी सरकली’ असे उल्लेख वाचून रुग्ण धास्तावतात आणि हालचाल थांबवतात. या संदर्भात २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक आढावा महत्त्वाचा आहे. पाठदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या चित्रणांचा समावेश असलेले ३३ अभ्यास त्यात एकत्र तपासण्यात आले. विशीतील ३७ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज दिसली, तर ऐंशीच्या वयात हे प्रमाण ९६ टक्के होते. चकतीचा फुगवटाही विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांमध्ये आढळला.

केस पिकावेत तशी मणक्यातील झीजही पुष्कळदा वयोमानाचा भाग असते, असा याचा अर्थ होतो. चित्रणातील दोष आणि रुग्णाची लक्षणे जुळतात का, हे तपासल्याशिवाय त्या दोषाला वेदनेचे कारण ठरवता येत नाही. खरोखर चकती सरकून मज्जातंतूवर दाब आला असला, तरी बहुसंख्य रुग्णांना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय आराम पडतो. बाहेर आलेला भाग अनेकदा शरीराच्या स्वाभाविक प्रक्रियेनेच आक्रसतो.

मुंबईत रोवलेला पाया

भारतातील भौतिकोपचाराच्या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. पोलिओने ग्रासलेल्या मुलांच्या पुनर्वसनाची निकड भासल्यामुळे १९५० च्या दशकाच्या प्रारंभी परळच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिले भौतिकोपचार विद्यालय सुरू झाले. केंद्र व राज्य शासन, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे साहाय्य त्यामागे होते. १९५५ साली भौतिकोपचारकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेची स्थापना झाली.

पोलिओत मज्जापेशी नष्ट होऊन स्नायू दुबळे होत. उरलेल्या स्नायूंना रोज थोडे अधिक काम देऊन त्यांच्याकडून चालणे, उठणे, बसणे करवून घ्यावे लागे. अशा मुलांना कोणतेही यंत्र एकट्याने चालायला लावू शकत नव्हते. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले आणि भौतिकोपचार केंद्रांतील गर्दीचे स्वरूप पालटले. आज तेथे मान, कंबर, गुडघे आणि खांद्याचे रुग्ण मोठ्या संख्येने दिसतात. स्नायूंना हळूहळू वाढता भार देण्याचे जे तत्त्व पोलिओच्या मुलांना लागू होते, तेच या रुग्णांनाही लागू पडते.

यंत्रोपचार : काय साधते, काय साधत नाही

शेक हा सर्वांत जुना उपाय आहे. उष्णतेमुळे त्या भागातील रक्तप्रवाह वाढतो, ताठरलेले स्नायू सैल होतात आणि वेदना काही काळ कमी वाटते. चंदीगडसारख्या शहरात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सकाळी अंग आखडलेले असताना व्यायामापूर्वी दहा-पंधरा मिनिटे शेक घेतल्यास हालचाल सोपी होते. मुका मार किंवा लचक यांत पहिल्या एक-दोन दिवसांत कापडात गुंडाळलेला बर्फ लावल्यास वेदना कमी होते. बर्फ थेट त्वचेवर ठेवू नये.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तींनी गरम पाण्याची पिशवी वापरताना विशेष दक्षता घ्यावी. चटका जाणवत नसल्याने त्वचा भाजते आणि जखम चिघळते. भौतिकोपचारातील टाळता येण्याजोग्या अपघातांपैकी हा एक आहे.

त्वचेवर चिकटपट्ट्या लावून सौम्य विद्युत्प्रवाह देणारे ‘टेन्स’ हे यंत्र बहुतेक केंद्रांत असते. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलेला द्वारनियंत्रण सिद्धांत त्याच्या मुळाशी आहे. स्पर्शाचे संदेश वाहणारे जाड तंतू उत्तेजित झाले, की वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूच्या पातळीवरच अडथळा होतो, असे हा सिद्धांत सांगतो. कोपर आपटल्यावर माणूस नकळत ते चोळतो, त्यामागेही हेच कारण आहे. मात्र यंत्र बंद केल्यावर हा परिणाम फार काळ टिकत नाही. हृदयात पेसमेकर बसवलेल्या व्यक्तींनी असे विद्युत उपचार वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. लघुलहरींच्या डायथर्मीचा शेकही पेसमेकर असताना, गरोदरपणात किंवा शरीरात धातूचा भाग बसवलेल्या जागी देत नाहीत.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांच्या दीर्घकालीन कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या आणि विशिष्ट आजार न सापडलेल्या कंबरदुखीपुरत्या त्या मर्यादित आहेत. शिक्षण, व्यायाम, काही हस्तोपचार, मर्दन आणि मानसोपचाराच्या काही पद्धती यांना त्यात स्थान देण्यात आले आहे. टेन्स, उपचारात्मक अल्ट्रासाऊंड, वजन लावून कंबर ताणणे, म्हणजेच ट्रॅक्शन, आणि कंबरपट्टा यांचा नित्य वापर करू नये, अशी शिफारस आहे. अफूजन्य वेदनाशामकांचाही त्यात निषेध आहे.

यंत्रे सर्वस्वी निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. तीव्र वेदनेमुळे व्यायाम करणेच अशक्य झाले असेल, तर वेदना थोडी उतरवून हालचालीला वाट मोकळी करून देण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ शकतो. पंधरा दिवस रोज केवळ यंत्रोपचार झाले आणि एकही व्यायाम शिकवला गेला नाही, तर उपचार अपुरा राहिला असे समजावे.

हस्तोपचार

प्रशिक्षित भौतिकोपचारक हाताने सांधे हलवून त्यांतील आखडलेपण कमी करतात, स्नायूंतील गाठीसारख्या दुखऱ्या जागा दाबतात किंवा मर्दन करतात. यामुळे काही रुग्णांना लवकर मोकळेपणा वाटतो. तो काळ व्यायामासाठी वापरल्यास लाभ टिकतो. मान जोराने वळवून ‘कडकड’ आवाज काढण्याचे प्रकार मात्र अप्रशिक्षित व्यक्तीकडून कदापि करवून घेऊ नयेत. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्यातून इजा होण्याची शक्यता असते.

अंथरुण की हालचाल?

उसण भरली की अंथरुणावर पडून राहावे, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासाने त्या समजुतीला छेद दिला. अचानक कंबर दुखू लागलेल्या १८६ जणांचे तीन गट करण्यात आले. एकाला दोन दिवस अंथरुणावर विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम आणि तिसऱ्याला झेपेल तितके नित्याचे व्यवहार चालू ठेवण्याचा सल्ला देण्यात आला. तिसरा गट सर्वांत लवकर सुधारला, तर विश्रांती घेणाऱ्यांची सुधारणा सर्वांत मंद होती. म्हणून ताज्या दुखण्यात झेपतील तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवणे, हाच पहिला उपचार मानला जातो. ठरावीक व्यायामांची जागा त्यानंतर येते.

व्यायाम करताना थोडी वेदना जाणवली तरी घाबरण्याचे कारण नसते. शून्य ते दहा या मापावर ती तीन-चारच्या आत राहिली आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्ववत झाली, तर भार योग्य आहे असे समजतात. वेदना पायात किंवा हातात अधिक खालपर्यंत उतरू लागली, तर तो व्यायाम थांबवून तज्ज्ञांना विचारावे.

निरनिराळ्या दुखण्यांसाठी व्यायाम

कंबर : न्यूझीलंडचे भौतिकोपचारक रॉबिन मॅकेंझी यांच्याकडे १९५६ साली कंबर व पाय दुखणारा एक रुग्ण आला होता. तो चुकून पाठ मागे वाकलेल्या स्थितीत काही मिनिटे पालथा पडून राहिला आणि त्याची पायाची वेदना कमी झाली. या निरीक्षणातून पुढे मॅकेंझी पद्धत विकसित झाली. पालथे झोपून, कंबर सैल ठेवून, हातांच्या आधाराने छाती वर उचलणे हा त्यातील परिचित व्यायाम होय. मात्र ज्यांची वेदना मागे वाकल्याने वाढते, त्यांच्यासाठी तो नाही. कोणत्या दिशेच्या हालचालीने वेदना पायातून कंबरेकडे सरकते, हे आधी पाहावे लागते. उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणे, तसेच रांगण्याच्या स्थितीत विरुद्ध बाजूचे हात-पाय लांब करणे यांनी कंबरेचे व नितंबाचे स्नायू बळकट होतात.

मान : ताठ बसून हनुवटी सरळ मागे ओढावी, पाच सेकंद थांबावे व सोडावे. दोन्ही खवाटे एकमेकांकडे ओढून धरावेत. हे दोन्ही व्यायाम प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा करता येतात. मानेचा पट्टा दीर्घकाळ वापरल्यास मानेचे स्नायू दुबळे होतात. म्हणून वैद्यकीय सल्ल्याने ठरलेल्या अवधीपुरताच तो लावावा.

खांदा : खांदा आखडण्याचा विकार मधुमेही व्यक्तींमध्ये अधिक आढळतो आणि तो पूर्ण सुटण्यास एक ते तीन वर्षेही लागू शकतात. पुढे झुकून हात लोंबता ठेवून झोके देणे, भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढणे हे सौम्य व्यायाम वेदनेच्या मर्यादेत करावेत. जोर लावून हात उचलल्यास दुखणे वाढते.

कोपर : कोपराच्या बाहेरील बाजूची वेदना ‘टेनिस एल्बो’ या नावाने ओळखली जाते, पण ती कपडे पिळणाऱ्या, पोळ्या लाटणाऱ्या आणि पेचकस फिरवणाऱ्या हातांनाही होते. ऑस्ट्रेलियात १९८ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा आठवड्यांनी स्टिरॉइडचे इंजेक्शन सरस वाटले. पुढे मात्र त्या गटात दुखणे उलटण्याचे प्रमाण फार मोठे होते आणि वर्षअखेरीस भौतिकोपचार घेतलेल्यांची स्थिती अधिक चांगली होती. हातात लहान वजन घेऊन मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम येथे उपयोगी पडतो.

टाच : सकाळी उठून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल, तर पायाची बोटे वर ओढून तळपाय ताणावा. पायरीच्या कडेवर उभे राहून, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, टाचा सावकाश वर-खाली कराव्यात. हा व्यायाम एक दिवसाआड केला जातो.

मज्जातंतूंसाठी वेगळा विचार

मज्जातंतू स्नायूप्रमाणे ताणला जाणे पसंत करत नाही. त्याला आजूबाजूच्या ऊतींमधून सहज सरकता यावे लागते. म्हणून सायटिका किंवा मानेतून हातात जाणाऱ्या वेदनेत जोराने पाय उचलून ताणण्याऐवजी मज्जातंतू सरकवण्याचे हलके व्यायाम दिले जातात. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करताना मान वर उचलणे आणि गुडघा वाकवताना मान खाली नेणे, हा त्याचा एक नमुना आहे. मुंग्या वाढण्यापूर्वीच थांबणे हा त्याचा नियम होय.

मनगटातील बोगद्यात मध्यिका मज्जातंतू दबला, की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो. रात्री झोपेत मुंग्यांनी जाग येणे हे याचे ठळक लक्षण आहे. स्त्रिया, विशेषतः गरोदर स्त्रिया, तसेच मधुमेह वा थायरॉइडची कमतरता असलेल्या व्यक्तींमध्ये हा विकार अधिक दिसतो. मनगट सरळ ठेवणारी पट्टी रात्री काही आठवडे लावल्यास सौम्य विकारात आराम पडतो. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग झिजू लागला असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय लांबवू नये.

इजा झालेला मज्जातंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने. त्यामुळे वेदना थांबल्यावरही बधिरपणा किंवा अशक्तपणा काही महिने रेंगाळू शकतो. या काळात धीर न सोडता स्नायूंना काम देत राहणे आवश्यक असते.

चालणे आणि कामाची जागा

२०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासाने चालण्याचे मोल आकड्यांत दाखवले. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ व्यक्ती त्यात होत्या. भौतिकोपचारकाच्या मार्गदर्शनाखाली टप्प्याटप्प्याने चालणे वाढवणाऱ्यांना दुखणे पुन्हा उद्भवेपर्यंत मध्यमानाने २०८ दिवस मिळाले. कोणताही कार्यक्रम न घेणाऱ्यांना ११२ दिवस. सहा महिन्यांत आठवड्यातून पाच वेळा, रोज अर्धा तास चालण्यापर्यंत पोहोचणे हे उद्दिष्ट होते.

या दृष्टीने चंदीगडची रचना उल्लेखनीय आहे. ल कॉर्बुझिए यांनी रस्त्यांची सात प्रकारांत विभागणी केली आणि सेक्टरमधील हिरवळीच्या पट्ट्यांतून जाणाऱ्या पायवाटांना त्यांत स्वतंत्र स्थान दिले. शाळा, दुकाने आणि उद्याने पायी पोहोचता येतील अशी सेक्टरची कल्पना होती. सेक्टर ३० हा शहराच्या याच पहिल्या टप्प्याचा भाग आहे. ज्या गावांत अशी सोय नाही, तेथे शाळेचे मैदान, नदीकाठ किंवा इमारतीची गच्ची हे पर्याय उरतात. चालण्यासाठी यंत्र लागत नाही आणि शुल्कही पडत नाही.

कामाच्या जागेतील लहान बदलही उपयुक्त ठरतात. सीएसआयओने ‘तेजस’ या लढाऊ विमानासाठी वैमानिकाच्या नजरेसमोर माहिती दाखवणारे दर्शक उपकरण विकसित केले आहे. वैमानिकाला खाली मान घालून मोजपट्ट्या वाचाव्या लागू नयेत आणि त्याची नजर समोरच राहावी, हा त्याचा हेतू आहे. मेजावरच्या कामालाही तेच सूत्र लावता येते. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या पातळीवर, हाताचे कोपर टेकलेले, पाय जमिनीवर टेकलेले आणि मोबाइल मांडीवर न ठेवता वर उचललेला असावा. अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे फिरावे. कितीही उत्तम आसनस्थिती तासन् तास तशीच ठेवली, तर तिचाही त्रास होतो.

थांबू नये अशी लक्षणे

पुढील लक्षणे आढळल्यास व्यायाम किंवा शेक यांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

• लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, लघवी अडणे अथवा गुप्तांग व आसनाच्या भागाला बधिरपणा येणे. मज्जारज्जूच्या शेवटच्या जुडग्यावर दाब आल्याची ही खूण असून तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज असू शकते.
• पाऊल उचलता न येणे, हातातून वस्तू पडणे किंवा अशक्तपणा झपाट्याने वाढणे.
• पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा रात्री घाम येणे. भारतात मणक्याच्या क्षयरोगाची शक्यता लक्षात घ्यावी लागते.
• पूर्वी कर्करोग झालेला असणे, पडणे किंवा अपघातानंतर सुरू झालेली वेदना, अथवा वृद्धापकाळात अचानक उद्भवलेली तीव्र पाठदुखी.
• छातीत दडपण, घाम आणि डाव्या हातात किंवा जबड्यात जाणारी कळ. ही स्नायूची वेदना समजू नये. हृदयविकाराची शक्यता गृहीत धरून तत्काळ रुग्णालय गाठावे.

उपचारक निवडताना

संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ साली संसदेने राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला आणि भौतिकोपचाराचा त्यात समावेश आहे. रुग्णाने उपचारकाची पदवी व नोंदणी विचारण्यात संकोच बाळगू नये. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत भौतिकोपचार विभाग असतात आणि खासगी केंद्रांच्या तुलनेत तेथील खर्च कमी असतो. चंदीगडमध्ये सेक्टर १२ मधील पीजीआय आणि सेक्टर ३२ मधील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही मोठी सार्वजनिक रुग्णालये आहेत.

पहिल्या भेटीत उपचारकाने दुखण्याचा इतिहास विचारणे, हालचाल, ताकद व संवेदना तपासणे, दुखण्याचे कारण सोप्या शब्दांत सांगणे आणि घरी करण्याचे दोन-तीन व्यायाम शिकवणे अपेक्षित आहे. किती आठवड्यांत काय सुधारावे, हेही तेव्हाच ठरवावे. स्नायूंची ताकद वाढण्यास सहा ते बारा आठवडे लागतात; दोन-चार दिवसांत फरक पडला नाही म्हणून व्यायाम सोडून देणे, हे दुखणे उलटण्याचे एक प्रमुख कारण असते. ठरलेल्या मुदतीत सुधारणा दिसली नाही, तर तेच उपचार लांबवत न नेता निदानाचा फेरविचार करण्याची विनंती रुग्णाने अवश्य करावी.